बेझिए वक्र
बेझिए वक्र हा व्हेक्टर चित्रांतील वक्ररेषेचा सर्वाधिक प्रचलित प्रकार होय. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींच्या आरेखनासाठी तो रूढ केला. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच ही रीत शोधली होती. परंतु कंपनीने ती गुप्त ठेवल्याने वक्राला नाव बेझिए यांचे मिळाले.

इंकस्केपसारख्या प्रणालीत वक्राचा प्रत्येक तुकडा चार बिंदूंनी ठरतो. दोन टोकांचे बिंदू, म्हणजे नोड, वक्रावरच असतात. उरलेले दोन नियंत्रणबिंदू नोडपासून निघणाऱ्या दांड्यांच्या टोकांशी दिसतात. वक्र सहसा त्यांतून जात नाही, केवळ त्यांच्याकडे ओढला जातो. दांडीची दिशा ही त्या नोडपाशी वक्राची स्पर्शिका असते. दांडी लांबवली की वक्र ती दिशा उशिरा सोडतो. नोडच्या दोन्ही दांड्या एका रेषेत असतील तर वळण सलग राहते, नसतील तर कोपरा पडतो.

वळण मनासारखे येईना की नवशिका नोड वाढवत जातो आणि रेषा अधिकच खडबडीत होते. अशा वेळी नोड काढून टाकून उरलेल्यांच्या दांड्या ताणाव्यात. वर्तुळालाही चार नोड पुरतात. दांडी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२ पट ठेवावी. काटेकोर गणिताने ते वर्तुळ नव्हे, पण डोळ्यांना फरक कळत नाही. देवनागरी ‘ळ’ची वाटोळी वळणे रेखाटतानाही नोड शक्यतो वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या व उजव्या टोकांशीच ठेवतात.