आधी ठोकळा बघा

प्लॅस्टिकची विमानं-रणगाडे जुळवणाऱ्यांच्या गप्पांत रेझिनच्या भागांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एका तटाच्या मते रेझिनचं कॉकपिट लावलं की मॉडेल आपोआप स्पर्धेच्या टेबलावर जायच्या लायकीचं होतं. दुसऱ्याच्या मते ही निव्वळ लूट: मूळ किटच्या निम्मे पैसे मोजायचे आणि वर तासन्‌तास घासत बसायचं. दोन्ही तट खरेदी करताना मात्र एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे पाकिटावरच्या फोटोतले बारकावे. माझ्या मते बारकाव्यांचा नंबर तिसरा. त्याआधी बघायचं, हा भाग ठोकळ्यापासून कुठे कापावा लागणार आहे, आणि तो आपल्या विमानाच्या नेमक्या प्रकाराचा आहे का.

ठोकळा म्हणजे काय, ते भाग ओततात कसे हे पाहिल्यावर कळतं. किटचं पॉलिस्टायरीन धातूच्या साच्यात दाबाने भरतात आणि असा साचा वर्षानुवर्षं नग काढत राहतो. रेझिनसाठी आधी मूळ नमुना बनवतात, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घेतात आणि त्या साच्यात दोन द्रव मिसळलेलं पॉलियुरेथेन ओततात. काही मिनिटांत ते घट्ट होतं. रबर वाकतं, म्हणून धातूच्या साच्यात अडकून बसले असते असे आतल्या खाचांचे भागही यातून सुटतात. पण तेच रबर काही डझन नगांनंतर झिजतं, फाटतं आणि नवा साचा करावा लागतो. शिवाय बरंचसं काम हाताने. चेक प्रजासत्ताकातल्या एरीस, एडुआर्ड किंवा सीएमकेच्या सेटची किंमत बघून कपाळाला आठ्या पडत असतील, तर कारण हे आहे.

द्रव ओतण्यासाठी साच्याला तोंड लागतं. त्या तोंडात घट्ट झालेलं जास्तीचं रेझिन म्हणजे ठोकळा. चांगला नमुना करणारा तो अशा बाजूला ठेवतो जी शेवटी झाकली जाते: सीटच्या बुडाला, चाकाच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला, नळीच्या आतल्या तोंडाला. भाग आणि ठोकळा यांच्यात पातळ पापुद्रा ठेवतो, म्हणजे ब्लेडच्या दोन फेऱ्यांत काम होतं. वाईट सेटमध्ये ठोकळा थेट कॉकपिटच्या जमिनीला जाड थरात चिकटलेला असतो आणि भाग कुठे संपतो, ठोकळा कुठे सुरू होतो याची रेषच नसते. मग अंदाजाने घासा. थोडं कमी घासलं तर वरची कॅनोपी बंद होत नाही, जास्त घासलं तर जमिनीला भोक. अशा भागावर स्विचेस कितीही सुबक असोत, मी तो घेत नाही.

‘एकही बुडबुडा नको’

बुडबुडे दोन प्रकारचे असतात आणि त्यांचा अर्थ वेगळा. ओतताना रेझिनमध्ये हवा अडकली तर त्या जागी खड्डा पडतो किंवा एखादा कोपरा उडतो. साचा करताना नमुन्याला चिकटून हवा राहिली तर रबरात पोकळी होते आणि प्रत्येक नगावर त्याच जागी बारीक गोळी उगवते. खड्डा योगायोगाचा असतो, दुसरा नग मागितला तर बहुधा चांगला मिळेल. गोळी साच्यातली असते, त्यामुळे त्याच साच्यातून निघालेले दहा नग बदलून घेतले तरी ती जाणार नाही. पण सपाट पृष्ठभागावर असेल तर ब्लेडच्या टोकाने एका मिनिटात उडते. म्हणजे तक्रार कशाबद्दल करायची आणि काय मुकाट्याने छिलायचं, हे त्या बुडबुड्याच्या उलट्या-सुलट्या आकारावरून ठरतं.

जागाही बघायची. ठोकळ्यातल्या बुडबुड्यांना काही किंमत नाही, ते कचऱ्यातच जाणार. सीटच्या डोक्यामागचा खड्डा सुपरग्लूच्या थेंबाने भरता येतो. टायरच्या नक्षीतला किंवा डायलच्या काठावरचा खड्डा मात्र भरताना नक्षीच बुजते, तो नग परतच पाठवावा.

‘बसत नाही, म्हणजे रेझिन आकसलंय’

रेझिन आकसतं हे खरं, पण चांगल्या पॉलियुरेथेनचं लांबीतलं आकसणं एक टक्क्याच्याही आत असतं. ४० मिमी लांबीच्या कॉकपिटला अर्धा टक्का म्हणजे ०.२ मिमी. त्यामुळे भाग दोन मिमीने अडत असेल तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. किटच्या विमानाच्या भिंती साधारण एक मिमी जाड असतात. १:४८ मध्ये याचा अर्थ जवळपास पाच सेंटिमीटर जाडीचा पत्रा! खऱ्या लढाऊ विमानाचा पत्रा त्यापुढे काहीच नाही. नमुना करणारा खऱ्या रुंदीचं कॉकपिट बनवायला गेला की ते किटच्या जाड भिंतींत मावणारच नाही. म्हणून तो गृहीत धरतो की तुम्ही त्या भिंती आतून खरवडून पातळ कराल. प्रामाणिक निर्माता हे सूचनापत्रावर छायांकित करून दाखवतो. ते चित्र नसेल तर शंका घ्यावी. कापण्याआधी व्हर्नियरने भागाची रुंदी आणि विमानाची आतली रुंदी मोजून ठेवावी.

खरं आकसणं दिसतं ते नकलेच्या नकलेत. कुणीतरी तयार रेझिनच्या भागावरूनच नवा साचा घेतो, आणि दर पिढीला माप थोडं घटतं, कडा मऊ पडतात. अशा मालात मूळ भाग ठोकळ्यापासून कापल्याचा ओरखडासुद्धा ओतलेला सापडतो. तेवढी एक खूण पुरते.

‘डिटेल जास्त, म्हणजे अचूक’

इथे आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मिग-२१ साठी. तिथे आधी एफएल, मग एम आणि बिस असे प्रकार बनले. भारतीय हवाई दलाचं मिग-२१ करायला घेणाऱ्याने हा फरक विसरून चालत नाही. एफएलची कॅनोपी पुढच्या कडेला बिजागरी असलेली आणि आतली सीट एसके जातीची. इजेक्शनच्या वेळी कॅनोपीच वैमानिकापुढे ढाल म्हणून यावी अशी ती रचना. एम आणि बिसची कॅनोपी उजवीकडे उघडते आणि आत केएम-१ सीट असते. पाकिटावर नुसतं ‘मिग-२१’ लिहिलेली केएम-१ सीट ओतकामात निर्दोष असू शकते, पट्ट्यांची शिवणसुद्धा दिसेल, पण एफएलमध्ये बसवली की ती चूकच. त्यापेक्षा किटमधली ओबडधोबड पण योग्य सीट बरी.

चाकांचंही तसंच. एफएल, एम आणि बिसच्या मुख्य चाकाचा टायर ८०० × २०० मिमी. १:४८ ला भागलं की व्यास १६.७ मिमी आला पाहिजे. हे मोजायला अर्धा मिनिट लागतो, तरी कुणी मोजत नाही. सगळ्यांची नजर जाते ती खाली दबलेल्या, फुगीर टायरकडे. वजनाने टायर दबलेला दाखवणं बरोबर आहे, पण लढाऊ विमानांच्या टायरमध्ये मोटारीच्या कित्येक पट दाब असतो. ते जमिनीला टेकतात तिथे थोडेसे सपाट होतात, पंक्चर झालेल्या स्कूटरसारखे बाजूला पसरत नाहीत. बऱ्याच सेटमध्ये हा फुगवटा इतका रंगवून काढलेला असतो की विमान हवा भरायच्या रांगेत उभं असल्यासारखं दिसतं.

‘आता थ्रीडी प्रिंट आलंय, ओतकाम संपलं’

प्रिंटमध्ये साचा नाही, बुडबुडे नाहीत, आणि पोकळ नळ्या, जाळ्या असलं काही तर ओतकामात अशक्यच होतं. पण दोष गेले नाहीत, बदलले. प्रिंट थरांनी चढतं. थर ०.०५ मिमीचा धरला तर १:४८ मध्ये ती २.४ मिमीची पायरी झाली. उभ्या भिंतीवर ती नजरेत भरत नाही. बॉम्बच्या नाकासारख्या हळूहळू वळणाऱ्या पृष्ठभागावर मात्र पायऱ्या मोजता येतात, आणि घासायला गेलं की शेजारचे रिव्हेट त्यांच्यासोबत जातात. छपाईच्या वेळी भागाला धरून ठेवणारे खांब कुठे टेकलेत, हे ठोकळ्याइतकंच महत्त्वाचं. दिसणाऱ्या बाजूला त्यांचे फोड असतील तर आखणी घाईत झाली समजावं. भाग बोटाला चिकट लागत असेल तर तो नीट पक्का झालेला नाही. तसा भाग उघड्या हाताने चोळत बसू नये, कच्च्या रेझिनने त्वचेला त्रास होतो.

काही समजुती पटकन निकालात काढता येतात. राखाडी रेझिन क्रीमपेक्षा सरस असं काही नाही, तो फक्त रंगद्रव्याचा प्रश्न. राखाडीवर दोष लवकर दिसतात एवढंच. वाकलेला पातळ भाग म्हणजे बाद माल नव्हे, गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि थंड पाण्यात धरा. रंगाची सालपटं निघाली तर निर्मात्याला शिव्या देण्याआधी भाग भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुतला होता का ते आठवा, कारण साचा सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ त्यावर असतो. किटचा गोंद रेझिनला चिकटत नाही, कारण तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो. इथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी हवा. घासताना मात्र ओल्या पॉलिश पेपरने घासा आणि तोंडाला मास्क लावा. ती पूड फुप्फुसात जायला नको.

एका भागाबाबत मी कंजूष आहे, तो म्हणजे लँडिंग गिअरचे पाय. नुसत्या रेझिनचा बारीक पाय वजनाखाली हळूहळू वाकतो, आणि विदर्भातला उन्हाळा असेल तर त्याला फार वाट बघावी लागत नाही. वर रेझिनचं कॉकपिट आणि एक्झॉस्ट बसवून आपण विमान जड केलेलं असतं ते वेगळंच. चांगल्या सेटमध्ये पायाच्या आत धातूची तार ओतलेली असते आणि कापलेल्या टोकाला तिचा ठिपका दिसतो. तो दिसला नाही तर किटचेच प्लॅस्टिकचे पाय ठेवावेत आणि रेझिनची फक्त चाकं वापरावीत.