सा म्हणजे षड्ज, बॉस!

अमरावतीत ऑफिस सुटलं की सातला मी गायनाच्या क्लासला. शेजारी सहावीतली पोरं, पुढ्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’. सा-रे-ग-म कुणालाही येतं हो. पण षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद म्हणा, मग खरी ओळख! षड्ज म्हणजे उरलेल्या सहांना जन्म देणारा, अशी जुनी फोड. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. बस्स. तुर्की संगीतात सप्तक बदललं की नावच बदलतं: खाली ‘रास्त’, वर ‘गेर्दानिये’. आपलं बरं आहे बाप्पा!

अकोल्याहून आईचा फोन, ‘काऊन रे, या वयात?’ लग्नामुळे तिची हीच परीक्षा राहिली होती. मी तानपुऱ्याचं ॲप लावून सा धरतो. ती फोन ठेवत नाही.