काडतूस बसलं, म्हणजे चालेलच असं नाही

जुन्या दुनळी बंदुकीबाबत सगळ्यात धोक्याची गोष्ट ही, की चुकीचं काडतूसही तिच्यात सहज बसतं. बंदूक उघडली, काडतूस सरकवलं, त्याची कडा नीट टेकली आणि बंदूक न अडखळता बंद झाली, की माणूस निश्चिंत होतो. ही निश्चिंती फसवी का, ते काडतुसाच्या लांबीतच दडलेलं आहे.

पेटीवर छापलेले ७० मिमी हे भरलेल्या काडतुसाचं माप नव्हे. बार उडून तोंडाच्या घड्या पूर्ण उलगडल्यावर जी नळकांडी उरते, तिचं ते माप. घड्या घालून बंद केलेलं तेच काडतूस जेमतेम ५८ ते ६० मिमी भरतं. उलट दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक इंग्लिश १२ बोअर दुनळींचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, अडीच इंची काडतुसासाठी कोरलेलं, म्हणजे व्यवहारात ६५ मिमीचं. त्यामुळे ७० मिमीचं काडतूस आत जातं आणि वर जागाही उरते. चाप ओढल्यावर मात्र घड्या उलगडायला पुरेशी लांबी मिळत नाही. चेंबर संपून नळी अरुंद होते त्या उतारावर त्या पसरतात, मार्ग आवळला जातो आणि छर्रे, बूच सगळं त्या आवळलेल्या तोंडातून पुढे रेटावं लागतं.

इथे रसायनशास्त्र मधे येतं. रायफलीसाठी पहिली यशस्वी धूरविरहित दारू १८८४ साली बनवणाऱ्या पॉल व्हिएल या फ्रेंच शास्त्रज्ञानं ज्वलनाचा वेग आणि दाब यांचं नातं मांडलं. दाब वाढला की आजच्या काडतुसांतली ही धूरविरहित दारू अधिक वेगानं जळते. वेगानं जळली की वायू लवकर साठतो आणि दाब आणखी चढतो. म्हणून वाटेतला छोटा अडथळाही तिला मानवत नाही. दर बाराला नळी फुटेल असं मुळीच नाही. बहुतेकदा बाहेरून काहीच दिसत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. नळी आणि खालचा सांगाडा यांचा सांधा हळूहळू सैल होत जातो, दस्त्याला मुळाशी बारीक तडा जातो आणि मालक म्हणत राहतो, ‘इतकी वर्षं चालतेय की!’

त्याआधीच्या काळ्या दारूचा स्वभाव वेगळा होता. सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० टक्के, असं तिचं सर्वसाधारण प्रमाण. दाबाचा तिच्या ज्वलनावर तुलनेनं कमी परिणाम होतो. पण तिच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घन रूपात मागे राहतो. तो क्षारांचा थर हवेतली ओल ओढून घेतो. नळी त्याच दिवशी धुतली नाही, तर आत गंजाचे खड्डे पडतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर काही विचारायलाच नको. नळीच्या भिंतीवर येणारा ताण तिच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. भिंत जिथे निम्मी झाली, तिथे तोच दाब दुप्पट ताण देतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या नळीच्या आत असा एखादा खड्डा असू शकतो.

आपल्याकडे अशा दुनळी अजून आहेत. काही जुन्या वाड्यांत वारशानं आलेल्या, काही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. काही बर्मिंगहॅमहून थेट आल्या, काही मँटन किंवा रॉडा अशा कोलकात्याच्या पेढ्यांचं नाव घेऊन. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ संपला, पण बंदुका राहिल्या. त्यांना काडतूस मिळतं ते आजचं. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याची १२ बोअर काडतुसं घराघरांत ओळखीची आहेत. त्यांच्या पितळी बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं पुष्कळांनी पाहिली असतील. काडतूस उत्तम असतं. प्रश्न असतो तो बंदुकीचा.

तिची कुंडली तिच्याच अंगावर लिहिलेली आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, पुढचा लाकडी भाग काढायचा, नळ्या वेगळ्या करून उलट्या धरायच्या आणि चेंबरखालचा सपाट भाग भिंगाखाली न्यायचा. ब्रिटनमध्ये बंदूक विकण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून तिची कसोटी घेणं कायद्यानं सक्तीचं आहे. ही कसोटी घेणाऱ्या लंडनच्या बंदूक कारागिरांच्या कंपनीला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे कसोटीघर, उभं राहिलं १८१३च्या कायद्यानं. बारीक मुकुटाखाली ‘एनपी’ दिसलं, तर बंदूक धूरविरहित दारूच्या कसोटीला उतरलेली आहे. समभुज चौकटीत १२ आणि ‘सी’ म्हणजे १२ बोअरचं चेंबर, लांबी ३ इंचांहून कमी. १९२५नंतरच्या बंदुकांवर चेंबरची लांबी इंचांत आढळते, १९५४नंतर ‘३ टन’ अशी दर चौरस इंचाची दाबमर्यादाही. १८७५ ते १८८७ दरम्यानच्या काही नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं सापडतं. तोंडाशी आवळलेल्या नळीतून एकसंध गोळी सोडू नका, ही ती सूचना. सव्वाशेहून अधिक वर्षांनीही ती तितकीच लागू आहे.

नळीवर वळ्यावळ्यांची नक्षी असेल, तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेली डमास्कस नळी. ती सरसकट कमकुवत असते, हे मत मला पटत नाही. अशा काही नळ्या धूरविरहित दारूच्या कसोटीलाही उतरलेल्या आहेत. पण प्रत्येक जोडाच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘एनपी’ची खूण नसलेल्या डमास्कस नळीत आजचं काडतूस घालू नये.

लांबी जुळली की छर्ऱ्यांचं वजन पाहायचं. बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावावर एक सोपा ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट हवं. २८ ग्रॅम छर्ऱ्यांना साधारण २ किलो ७०० ग्रॅमची बंदूक, ३२ ग्रॅमना ३ किलोहून थोडी जास्त. हलक्या जुन्या बंदुकीत ३६ ग्रॅमचं काडतूस घालून दस्ता चिरू देण्यात शहाणपण नाही. पोलादी छर्रे तर टाळावेतच. शिसं चोकमधून, म्हणजे नळीच्या आवळलेल्या तोंडातून, जाताना दबतं, पोलाद दबत नाही, आणि जुन्या मऊ नळीला तोंडाशी फुगवटा येतो. पाणथळ जागांतल्या पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते म्हणून अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर बंदी घातली. तिथले जुन्या बंदुकांचे मालक त्यामुळे बिस्मथकडे वळले. ते शिशापेक्षा थोडं हलकं, पण पोलादापेक्षा खूप मऊ.

एक अपघात मात्र क्षणात होतो. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत पडलं, तर ते चेंबरच्या पुढे जाऊन अडकतं. वरून नळी रिकामी वाटते. मागून १२ बोअरचं काडतूस घालून बार काढला, की नळी फुटते, तीही डावा हात असतो त्याच्या आसपास. २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच. दोन्ही मापांच्या बंदुका घरात असतील, तर दोन्हींची काडतुसं एका पट्ट्यात, एका खिशात कधीही ठेवू नका.

तुमच्या घरी परवान्यावरची जुनी दुनळी असेल, तर पुढचं काडतूस घेण्याआधी ती परवानाधारक कारागिराकडे न्या. चेंबरची लांबी, नळीच्या भिंतीची जाडी आणि आतले खड्डे मापून घ्या, नळीखालच्या खुणा वाचून घ्या. चेंबर ६५ मिमी निघालं, तर ६५ छापलेलं किंवा ६५च्या चेंबरला चालतं असं उत्पादकानं लिहिलेलं काडतूसच मागा. दुकानदार ‘बसतं हो, घ्या’ म्हणाला, तरी घेऊ नका.