ट्रॅक्टरचा पंप वाढवला की ताकद वाढते हे खरं, पण ती येते कुठून?

उसाचा हंगाम सुरू झाला की धाराशिव जिल्ह्यात ढोकी, रांजणी, मुरूमकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक चित्र हमखास दिसतं. एक ट्रॅक्टर, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि चढ लागला की सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर. बघणारा लगेच म्हणतो, "पंप वाढवलाय गड्याने!" अशा धुराच्या रील्सना लाईक्सही भरपूर मिळतात.

पण हा धूर नक्की कशाचा असतो?

डिझेल इंजिनात किती डिझेल जाणार हे फ्युएल पंप ठरवतो. कंपनीने त्याचं माप लावून स्क्रू सील केलेला असतो. "पंप वाढवणे" म्हणजे ते सील तोडून माप वाढवणं. काम तासाभराचं आणि फरक लगेच जाणवतो. म्हणून तर लोक करतात.

अडचण हवेची आहे. 1 किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या हिशोबात सांगायचं तर 1 लिटर डिझेलला जवळपास 10 हजार लिटर हवा. पंप वाढवल्याने डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. कंपनीने थोडी जास्तीची हवा राखून ठेवलेली असते, ती वापरली जाते तोवर ताकद वाढते. त्यापुढचं डिझेल अर्धवट जळून धूर होऊन बाहेर पडतं. रीलमध्ये जो धूर मिरवला जातो, ते पंपावर पैसे मोजून आणलेलं डिझेलच असतं.

त्यात धाराशिव बालाघाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे 6 टक्के विरळ. हंगामाच्या शेवटी मार्चचं ऊन तापलं की आणखी विरळ. म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन इथे आधीच हवेला थोडं कमी पडतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. डिझेल इंजिनात जितकं जास्त डिझेल तितकी जास्त उष्णता. पिस्टन बहुतेक ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. त्याआधीच ते मऊ पडतं. रिंग, लायनर आणि ऑइल सतत उष्णता ओढून घेतात म्हणून पिस्टन टिकतो. लांबच्या चढावर हे गणित बिघडतं. आधी रेडिएटरचं पाणी उकळतं, मग हेड गॅस्केट जातं आणि नशीब वाईट असेल तर इंजिन बसतं, तेही ऐन हंगामात.

मग टर्बो बसवला तर? हवेचा प्रश्न सुटतो, हे मान्य. पण कंपनी टर्बोचं इंजिन बनवते तेव्हा नुसता टर्बो लावत नाही. पिस्टन बदलते, बऱ्याचदा पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देते, कूलिंग वाढवते. बाहेरून टर्बो लावला तर आतलं सगळं जुनंच राहतं. शिवाय क्लच, गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन हेही मूळच्या एचपीच्या हिशोबानेच बनवलेले असतात.

खरा प्रश्न वेगळाच आहे. ट्रॉली ओढायला नुसती पॉवर नाही, तर ओढ लागते. ती गिअरवर आणि मागच्या चाकांच्या पकडीवर ठरते. चाकं घसरत असतील तर वाढवलेली पॉवर मातीच उडवणार. पकड असेल तर त्याच इंजिनाने तोच चढ खालच्या गिअरमध्ये चढता येतो, फक्त हळू. पॉवर वाढवून मिळतो तो वेग. म्हणजे वाटेत पाच-दहा मिनिटं वाचवायची आणि पुढे कारखान्याच्या नंबरात तासन्‌तास उभं राहायचं! वर वाढलेल्या ओढीने पुढची चाकं उचलली की स्टिअरिंग हातात राहत नाही. उतारावर तर ब्रेक जुनेच असतात आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुतेक वेळा नसतातच.

कायदाही स्पष्ट आहे. कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाला सोडून बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5 हजार रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी तर जातेच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

बऱ्याचदा ट्रॅक्टर "ओढत नाही" याचं कारण कमी एचपी नसतंच. उसाच्या फडातल्या धुळीने एअर फिल्टर तुंबलेला असतो, नोझल टपकत असतात, टॅपेट ढिले झालेले असतात किंवा क्लच प्लेट घासलेली असते. पंपाच्या सीलला हात लावण्याआधी फिल्टर साफ करून आणि नोझल तपासून तोच चढ पुन्हा चढून बघावा. मागची चाकं घसरत असतील तर त्यात पाणी भरावं किंवा वजनं लावावीत. एवढं करूनही रोजच कमी पडत असेल, तर एक ट्रॉली कमी करावी नाहीतर जास्त एचपीचा ट्रॅक्टर बघावा. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-4 हे उत्सर्जनाचे नियम लागू झालेत. त्यांच्यात डिझेलचं माप कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे पान्याने फिरवायला तिथे स्क्रूच नसतो.