अनिवार्य गृहीतक
(तर्कशास्त्र). युक्तिवादात स्पष्टपणे न मांडलेले, परंतु ज्याच्या अभावी आधारविधानांवरून निष्कर्षाकडे जाता येत नाही, असे विधान. अवयव अध्याहृत असलेल्या अनुमानास लुप्तावयव अनुमान म्हणतात. भारतीय परंपरेत मीमांसकांनी स्वतंत्र प्रमाण मानलेली अर्थापत्ती ही याच्या जवळची कल्पना होय. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी पुष्ट आहे. या दोहोंची संगती लावण्यासाठी तो रात्री जेवतो, असे मानावे लागते. मात्र अर्थापत्तीने सत्य कळते, असे मीमांसक मानतात. गृहीतक असत्यही असू शकते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून व महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून तर्कक्षमतेची चाचणी अंतर्भूत झाली. अशा चाचण्यांत गृहीतक ओळखण्याचे प्रश्न विचारले जातात.

उदा., पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्यातून मुंबई–गोवा महामार्ग जातो. म्हणून ‘वाहनांचा आवाज घटविल्याने तेथील पक्ष्यांची संख्या वाढेल’, असा युक्तिवाद कोणी केला, तर ‘वाहनांच्या आवाजाचा पक्ष्यांच्या संख्येवर प्रतिकूल परिणाम होतो’, हे त्याचे अनिवार्य गृहीतक ठरते. ‘आवाज हेच संख्या कमी असण्याचे एकमेव कारण आहे’, हे मात्र अनिवार्य नाही. इतर कारणे असूनही निष्कर्ष टिकू शकतो. ‘आवाज घटला, की प्रत्येक अरण्यात पक्षी वाढतात’, हे विधान निष्कर्षास पुरेसे आहे, पण आवश्यक नाही. कारण युक्तिवाद केवळ कर्नाळ्याविषयी आहे. आवश्यक व पुरेसे यांतील हा भेद न कळल्यास सबळ वाटणारा पर्याय निवडला जाऊन उत्तर चुकते.

हा भेद निषेधाच्या कसोटीने स्पष्ट होतो. पर्यायाचा निषेध करून पाहावा; त्यामुळे युक्तिवाद कोसळल्यास तो पर्याय अनिवार्य, न कोसळल्यास अनिवार्य नाही. निषेध करताना व्याघाती विधान घ्यावे, विरोधी नव्हे : ‘सर्व पक्षी आवाजाला बुजतात’, याचा निषेध ‘काही पक्षी बुजत नाहीत’ हा होय, ‘एकही पक्षी बुजत नाही’ हा नव्हे.

गृहीतक सापडल्याने युक्तिवाद खरा किंवा खोटा ठरत नाही. त्याची सत्यता कोठे तपासावयाची, एवढेच निश्चित होते. परीक्षेबाहेरही, विशेषतः सार्वजनिक प्रश्नांवरील वादात, या विश्लेषणाचे महत्त्व यातच आहे.