प्रौढ वयात दातांच्या तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी काय जाणावे?

दातांना तारा लावणे हा केवळ शाळकरी मुलांचा उपचार आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. तिशी-चाळिशीतील स्त्री-पुरुषही या उपचारासाठी येतात. त्यांपैकी काहींना दोष दातांत नसून जबड्याच्या हाडात असल्याचे व शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल असे सांगितले जाते, तेव्हा रुग्ण व कुटुंबीय साहजिकच गोंधळून जातात. त्यांच्यासाठी, तसेच आमच्या देणगीदारांसाठी, हा विषय येथे मांडीत आहोत.

वाढत्या वयात जबड्याच्या वाढीस काही प्रमाणात वळण देता येते. टाळूच्या मध्यभागी असलेला हाडांचा सांधा लहानपणी स्क्रूच्या साध्या उपकरणाने रुंदावतो. प्रौढपणी तो घट्ट झालेला असतो. अशा वेळी शल्यचिकित्सक हाडास छेद देऊन तो मोकळा करतात व त्यानंतर उपकरणाने दररोज साधारण अर्धा ते एक मिलिमीटर रुंदी वाढवितात. काही रुग्णांत टाळूच्या हाडात बसविलेल्या लहान स्क्रूंच्या आधाराने छेदाविनाही हे साधते. जबडा फार पुढे वा मागे असल्यास मात्र हाडाची जागाच बदलावी लागते. खालच्या जबड्यास तोंडाच्या आतून छेद देण्याची पद्धत ट्राउनर व ओब्वेगेसर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित रूपात आज हाड टायटॅनियमच्या पट्ट्यांनी स्थिर करतात.

रुग्णापुढे सामान्यतः तीन मार्ग असतात. पहिला, काहीही न करणे. चावण्याचा, बोलण्याचा वा श्वसनाचा त्रास नसल्यास हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. दुसरा, केवळ तारांनी, प्रसंगी दात काढून, दातांची जुळणी साधणे. यात जबडा जेथल्या तेथेच राहतो. तिसरा, तारा व शस्त्रक्रिया दोन्ही.

दुसऱ्या व तिसऱ्या मार्गात दात बहुधा विरुद्ध दिशांना हलवावे लागतात, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. खालचा जबडा पुढे असलेल्या रुग्णाचे खालचे पुढचे दात मुळातच आत झुकलेले असतात. केवळ तारांनी भागवावयाचे असेल तर ते आणखी आत घेतात. शस्त्रक्रिया करावयाची असेल तर त्यांना आधी बाहेर आणून सरळ उभे करतात. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्ष-दीड वर्षात दातांची जुळणी पूर्वीपेक्षा बिघडलेली दिसते. या टप्प्यावर उपचार सोडल्यास रुग्ण आरंभीच्या स्थितीपेक्षाही अधिक अडचणीत येतो. म्हणून निर्णय तारा बसविण्यापूर्वीच व्हावयास हवा.

त्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्ट व जबड्याचे शल्यचिकित्सक या दोघांनाही आधी भेटावे आणि पुढील गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात :

१. शस्त्रक्रिया न केल्यास नेमके काय बिघडेल?
२. खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना कमी होण्याचा संभव किती? ही बधिरता बहुधा काही महिन्यांत ओसरते, परंतु काहींत कायम राहते आणि वयाबरोबर हा धोका वाढतो.
३. पातळ व मऊ आहारावर किती आठवडे राहावे लागेल आणि कामावरून किती रजा घ्यावी लागेल?
४. हिरड्यांचा आजार, मधुमेह अथवा तंबाखूचे व्यसन यांमुळे उपचारास बाधा येईल का?
५. शस्त्रक्रियेनंतर तारा किती काळ राहतील?

अखेरचा प्रश्न खर्चाचा. हा खर्च एकरकमी नसून सुमारे दोन वर्षांवर पसरलेला असतो. आरोग्य विमा पुष्कळदा दंतोपचार व सौंदर्योपचार वगळतो; म्हणून विमा कंपनीचे उत्तर आधीच लेखी मिळवावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. परंतु खाट शस्त्रक्रियेच्या काही दिवसांपुरती लागते. तारांच्या भेटी त्याआधी व त्यानंतरही अनेक महिने चालतात.

देणगीदारांस आमची विनंती याच कारणास्तव आहे. अशा रुग्णास साहाय्य करताना ते केवळ शस्त्रक्रियेच्या देयकापुरते न देता, पहिल्या तारेपासून अखेरच्या तपासणीपर्यंतच्या संपूर्ण उपचाराचा विचार करून द्यावे. या उपचारात अर्ध्यावर थांबलेली मदत रुग्णास मूळ जागी परतूही देत नाही.