शाळा सोडलेल्या पोराची चौकशी कोण करणार?

या पानावर मी एरवी खताची मात्रा आणि फवारणी यांवर लिहितो. आजचा विषय शाळेचा आहे, पण तो मला भेटला बांधावरच.

गेल्या खरिपात एका शेतकऱ्याच्या सोयाबीनवर चक्रीभुंगा पडला म्हणून पाहायला गेलो होतो. शाळेची वेळ होती आणि त्यांचा आठवीतला मुलगा शेतात खुरपत होता. विचारले, तर वडील म्हणाले, "काय सांगू साहेब, जायचंच नाही म्हणतोय. चालणं-बोलणं जरा नाजूक आहे त्याचं. पोरं बायल्या म्हणून चिडवतात."

मुलगा नंतर हळूच बोलला. शाळेत तो दिवसभर पाणीच पीत नसे. पाणी प्यायले की मुतारीत जावे लागते आणि तिथे पोरे अडवून मारतात. मास्तरांना सांगितले, तर ते म्हणाले, "तूच जरा पुरुषासारखा वाग."

त्या दिवशी भुंग्यावरचे औषध मी लिहून दिले. पोरासाठी काय लिहून द्यावे, ते कळेना. म्हणून नंतर कायदे आणि निकाल मिळवून वाचले. तुमच्या उपयोगाचे तेवढे इथे देतो.

हा रोग नव्हे

काही मुलांची नोंद मुलगा अशी होते, पण ती मनाने मुलगी असतात. काहींचे याच्या उलट असते. काहींना वयात आल्यावर आपल्याच लिंगाच्या माणसाची ओढ वाटते, तर काही नुसतीच वेगळी चालतात-बोलतात. आपले मूल यांपैकी कोण, हे गावाने ठरवायचे नसते. भगताकडे किंवा डॉक्टरकडे नेऊन 'सुधारून' आणण्याचाही हा प्रकार नाही. समलैंगिकता हा आजार नाही, असे देशातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर केले आहे. अशा व्यक्तीला 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरवले.

कायद्यात काय आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले. पुढे २०१९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता शिकवावे, खेळांत घ्यावे, आणि संस्थेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा, अशी तरतूद त्यात केली गेली.

मात्र हा कायदा तृतीयपंथीयांपुरता आहे. वर सांगितलेल्या बाकीच्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही मुलाला मारहाण किंवा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कोणत्याही म्हणजे कोणत्याही, तिथे मूल कसे चालते-बोलते हा प्रश्नच येत नाही.

न्यायाधीशही शिकले

मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईला पळून आल्या होत्या. त्यांचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर आले. आपल्याला या विषयातले पुरेसे कळत नाही, हे त्यांनी उघड मान्य केले, मानसशास्त्रज्ञाकडे बसून समजून घेतले आणि मगच ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. शाळांनी पालक-शिक्षक बैठकांतून हा विषय समजावून द्यावा, समुपदेशक नेमावेत, कोणालाही वापरता येईल असे स्वच्छतागृह ठेवावे, असे त्यात सुचवले आहे. न्यायमूर्तींना शिकायला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

त्याच वर्षी एनसीईआरटीने शिक्षकांसाठी या विषयावर पुस्तिका तयार केली. आक्षेप आले आणि ती थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून निघाली. सांगायचे एवढेच, की वरून पाणी सुटेल म्हणून आपली चारी कोरडी ठेवू नये.

गावाच्या हातात काय आहे?

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे तुम्हीच. या समितीला पुढील कामे फारशा खर्चाविना करता येतील :

१) सलग गैरहजर मुलाच्या घरी जाऊन कारण विचारावे. 'शेतीकामामुळे' असे लिहून मोकळे होऊ नये.

२) चिडवण्याला 'पोरांची गंमत' म्हणू नये. बायल्या, छक्का असे शब्द शाळेत कोणीही, शिक्षकांनीसुद्धा, वापरू नयेत, असा ठराव करावा.

३) मधल्या सुट्टीत मुतारीकडे शिक्षकाचे लक्ष असावे. आतून कडी लागणारे एक स्वच्छतागृह कोणत्याही मुलाला वापरू द्यावे.

४) मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गावभर करू नये. घरीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय सांगू नये. घरी मार बसण्याची भीती असेल तर १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक आहे.

"गाव काय म्हणेल?" असे काही जण विचारतील. माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा अर्ज फेटाळला गेला होता. त्या उच्च न्यायालयात गेल्या, लढल्या आणि २०२१ साली ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गावाला समजते. फक्त कोणीतरी विषय काढावा लागतो.

रोपवाटिकेत रोप पिवळे पडले तर आपण रोपाला दोष देत नाही. पाण्याचा निचरा बघतो, मुळाशी उकरून पाहतो. पोराच्या बाबतीत मात्र आपण पोरालाच म्हणतो, "तूच बदल."

त्या मुलाचे नाव अजून हजेरीपटावर आहे. वडिलांनी शाळेच्या पुढच्या बैठकीत उभे राहून बोलायचे कबूल केले आहे आणि मीही सोबत जाणार आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि समितीच्या सदस्यांनी आपापल्या शाळेतला हजेरीपट एकदा उघडून बघावा. असे एखादे नाव तिथेही असू शकेल.